अभयारण्याच्या आत माझी बाग, बाहेर फार्महाऊसची मापणी. आता काय करू?

काजूबागवाला
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. डोंगरउतारावर आजोबांनी लावलेली काजूबाग आणि खाली ओहोळाच्या कडेला थोडं कुळागर (सुपारी-नारळ-केळीची बाग), एवढीच आमची इस्टेट. १९९९ साली म्हादई अभयारण्य जाहीर झालं तेव्हा मी नववीत होतो. एक दिवस घरात कळलं की बाग 'आत' गेली. तेव्हा मला वाटलं होतं कोणीतरी कुंपण घालणार. कुंपण आलं नाही, कागदही आला नाही. तेव्हापासून बाग बेणतोय (गवत-झुडपं काढतोय), बोंडू म्हणजे काजूचं फळ गोळा करतोय, दारूची भट्टी लावतोय. पण त्या जमिनीवर मी कोण, ते अजून कोणी सांगितलेलं नाही. एक-चौदाच्या उताऱ्यावर आमचं नाव नाही. सत्तरीत मोकाशातल्या, म्हणजे जुन्या इनामातल्या जमिनींची काय गत आहे ते इथल्यांना सांगायला नको.

यंदा एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. कुळागरासाठी ओहोळावर पंप बसवत होतो, तर एका गार्डाने येऊन काम बंद करायला लावलं. अभयारण्यात नवीन काम चालत नाही म्हणाला. असेल बाबा. पण दोनच दिवसांनी, हद्दीपलीकडे, माझ्या बागेपासून शंभर पावलांवर पांढऱ्या गाडीतून दोघे उतरले आणि शेजाऱ्याची बागायत टेपने मापून गेले. जंगल दिसेल अशी फार्महाऊसं बांधणार म्हणे. म्हणजे माझ्या झाडांकडे बघण्याचे पैसे तिसराच घेणार, आणि मला त्याच झाडांना पाणी घालायला बंदी.

अभयारण्याला माझा विरोध नाही. रान गेलं तर ओहोळ मार्चमध्येच आटेल, एवढं कळतं. माझे प्रश्न दोन. वनहक्काचा दावा इथे कोणी केलाय का? आणि व्याघ्र प्रकल्प आला तर आमच्यासारख्यांचं काय? तिसरा प्रश्न रागाने विचारतोय: जंगल वाचवायचं ते नेमकं कोणापासून?

टवाळ_बाब
तिसऱ्या प्रश्नावर समिती नेमली आहे. बहुतेक समितीपासूनच.

मांडवीकाठी
दादा, धागा चांगला काढलात. थोडं कायद्याचं सांगतो.

वन्यजीव संरक्षण कायद्यात क्रम ठरलेला आहे. कलम १८ खाली सरकारने अभयारण्याचा इरादा जाहीर करायचा. मग जिल्हाधिकाऱ्यांनी आतल्या लोकांचे हक्क तपासायचे, कोणाचे ठेवायचे, कोणाचे मोबदला देऊन घ्यायचे ते ठरवायचं. शेवटी कलम २६अ खाली अंतिम अधिसूचना. १९९९ मध्ये राज्यात राष्ट्रपती राजवट होती. राज्यपाल जेकब यांच्या काळात म्हादई (२०८ चौ. किमी) आणि नेत्रावळी (२११ चौ. किमी) झटक्यात जाहीर झाली. निवडून आलेल्या सरकारकडून हे झालंच नसतं, असं माझं मत. पण मधलं काम, हक्क ठरवण्याचं, ते मागे पडलं. तुम्ही लटकलात ते तिथे.

२४ जुलै २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा असा आदेश दिला. त्याची बातमी सगळ्यांनी वाचली. त्याच निकालात आदिवासी आणि इतर वनवासींचे हक्क बारा महिन्यांत ठरवा असंही आहे, ते फारसं कोणी वाचलं नाही. राज्य सरकार अपिलात सर्वोच्च न्यायालयात गेलं.

व्याघ्र प्रकल्पात गाभा आणि बफर असे दोन भाग असतात. गाभ्यातून हलवायचं तर कलम ३८व्ही प्रमाणे स्वेच्छा आणि ग्रामसभेची संमती लागते, आणि त्याआधी हक्क मान्य झालेले असावे लागतात. 'उद्या पोलीस येऊन उठवतील' असं जे सभांमधून सांगितलं जातं, ते कायद्यात नाही.

पुण्याचा_पाहुणा
भाबडा प्रश्न. बाग आजोबांपासून आहे तर सातबारावर नाव कसं नाही?

टवाळ_बाब
कारण गोव्यात सातबारा नाही, एक-चौदा आहे. दोन आकडे वाढवूनही नाव मावलं नाही.

नेत्रावळीची_लेक
मी सांगे तालुक्यातली, वेळीप. आमच्या वाड्यावर वनहक्काचे दावे झालेत, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, तुम्ही अनुसूचित जमातीत येता का? गावडा, कुणबी, वेळीप यांना २००३ मध्ये तो दर्जा मिळाला. तसं असेल तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत होता एवढं दाखवायचं. नसाल, तर 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून त्या तारखेआधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती दाखवावी लागते. हिशेब केलात तर १९३० येतं. तेव्हा इथे पोर्तुगीज होते.

पण घाबरू नका. नियमात फक्त कागदच पुरावा धरलेला नाही. बांध, गडगे, विहीर, मसण, देवाची जागा, सपाट केलेला मळा, हे सगळं चालतं. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वृद्धांचा लेखी जबाबही चालतो. आमच्या दाव्यात काकांनी वाघ्रोच्या (वाघदेवाच्या) दगडापासून आंब्यापर्यंत चालून दाखवलं, वनहक्क समितीने नकाशा केला, ग्रामसभेत ठराव झाला. तिथून उपविभागीय समिती, मग जिल्हास्तरीय समिती.

आता कडू भाग. मंजूर झालं ते मागितल्यापेक्षा कमी. भाताचा मळा मिळाला, वरची काजूची बाजू कापली. कारण विचारलं तर 'प्रत्यक्ष ताबा दिसला नाही'. काजूखाली पावसात गवत छातीपर्यंत वाढतं, ताबा दिसणार कसा? म्हणून माझा एकच सल्ला. पाहणी मार्च-एप्रिलमध्येच मागा, बाग बेणून झाल्यावर. पावसात पाहणीला अजिबात तयार होऊ नका.

काजूबागवाला
ताई, हात जोडतो. हे पावसाचं मला सुचलंच नसतं.

रानवाट
सगळे शेतकऱ्याच्या बाजूने बोलताहेत, मी थोडा वाईटपणा घेतो.

२००९ मध्ये केरीला वाघ मारला. २०२० च्या जानेवारीत गोळावलीला चार वाघ, मादी आणि तिचे बछडे, विष घालून मारले. २०१८ च्या गणनेत अख्ख्या गोव्यात तीन वाघ होते. म्हणजे गणनेत होते त्याहून जास्त आपण एका आठवड्यात संपवले. ते काही बिल्डरने मारले नव्हते. गुरं गेली म्हणून मारले.

आणि मार्च २०२३ ची आग. म्हादईत डोंगर दिवसेंदिवस धुमसत होते, नौदलाची हेलिकॉप्टर बादल्यांनी पाणी ओतत होती. काजूच्या मोसमाआधी पाला पेटवायची सवय सगळ्या सत्तरीला आहे. रागावू नका, पण 'आम्ही रानाचे राखणदार' हे वाक्य मला आता पचत नाही.

काजूबागवाला
रानवाट, रागावलो नाही, पण उत्तर देतो.

पाला आम्ही पेटवतो, खोटं कशाला बोलू. बोंडू पडला की दिसायला हवा, पाल्यात सापही असतो. पण पद्धत अशी: झाडाखालचा पाला ओढून मध्ये ढीग करायचा, भोवती जमीन खरवडायची, सकाळी दव असताना पेटवायचा, विझेपर्यंत तिथून हलायचं नाही. बाबा तर बिडीसुद्धा ओहोळावर जाऊन ओढत. आता बागा पावण्याने, म्हणजे लिलाव करून ठेक्याने देतात, घेणारा तालुक्याबाहेरचा, मजूर आणखी कुठले. त्यांना दव कधी आणि वारा कधी सुटतो कोण शिकवणार? आग काजूवाल्यांकडून लागत असेलही. पण त्या मार्चमध्ये मी ज्या कड्यांवर धूर बघितला तिथे काजूचं एकही झाड नाही. तिथे कोणी काय केलं मला माहीत नाही, तुम्हालाही नाही.

वाघांचं मात्र काही बोलत नाही. त्या आठवड्यात आमच्या घरात कोणी जेवलं नाही. आजी वाघ्रोला नारळ ठेवून आली.

धनगर_मोळ्यावरचा
गोळावलीवर सगळेच बोलतात. मेलेल्या गाईची किंमत वेळेत हातात पडली असती तर विषाची बाटली कोणी उघडली नसती, असं मला वाटतं. समर्थन करत नाही. आम्ही गवळी-धनगर, गोव्यात अनुसूचित जमातीत नाही. १९३० चा पुरावा मागितला तर काय दाखवू, म्हशीची शिंगं?

कुळागरकर
भरपाईवरून आठवलं. गेल्या वर्षी गव्यांनी केळी साफ केली, उरलेलं खेतीने. खेती तर नारळ पिकायचीही वाट बघत नाही, कोवळे असतानाच पाडते. तक्रार केली, फोटो दिले, पंचनामा झाला. हाती आलं त्यात रोपंही येत नाहीत. आणि गवा म्हणजे गोव्याचा राज्यप्राणी, त्याला शिवी पण हळू आवाजात द्यावी लागते.

पुण्याचा_पाहुणा
खेती कोवळे नारळ पाडते?? म्हणजे शेती करण्याच्या पद्धतीमुळे का?

कुळागरकर
अरे देवा. खेती म्हणजे माकडं हो! कोकणीत.

टवाळ_बाब
'शेतीला सगळ्यात मोठा धोका खेतीचा.' स्पर्धा परीक्षेला घालायला हवं.

पुण्याचा_पाहुणा
😂 आता कळलं की गोव्याच्या वर्तमानपत्रात 'खेतींचा उपद्रव' वाचून मी इतकी वर्षं कृषी धोरणावर का चिडत होतो.

झुआरी_पलीकडे
हसून झालं असेल तर मुद्द्यावर येऊ. धागाकर्त्याचा पंप एका फेरीत अडला. मोले आठवा. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून २४० चौ. किमी, त्यातून तीन प्रकल्प एकदम: रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्गाचं चौपदरीकरण आणि ४०० केव्हीची वीजवाहिनी. टाळेबंदीच्या आसपास मंजुऱ्या निघाल्या, लोकांना घराबाहेर पडता येत नव्हतं तेव्हा. पुढे १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदरला माणसं रुळांवर बसली. मी पण होतो. मेणबत्त्या, घुमटाचं वादन, डास.

केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने पाहणी करून सांगितलं की रेल्वेची गरज पटत नाही, आणि वाहिनी नवा पट्टा न तोडता जुन्या वाहिनीच्या पट्ट्यातून न्या. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेची वन्यजीव मंजुरी रद्द केली. म्हणजे लोक हटून बसले तर थांबतं. पण त्यासाठी वकील, अभ्यासक, चित्रकार, कॉलेजची मुलं, अख्खी फौज लागली. काजूबागवाल्याकडे कुठली फौज?

कुळेचा_ट्रकवाला
झुआरी_पलीकडे, तुम्ही रुळांवर एक रात्र बसलात, मी २०१२ पासून घरी बसलोय. ऑक्टोबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा माझ्या ट्रकचे हप्ते चालू होते. २०१४ ला परत सुरू करायचा निकाल आला तेव्हा अभयारण्याच्या हद्दीपासून एक किलोमीटर खाण नाही असं ठरलं. बरोबर असेल, पण त्या एका किलोमीटरमध्ये माणसं राहतात आणि त्यांना काम लागतं. अनमोड घाटात मागून ट्रक आणि पुढून बस आली की काय होतं ते रोज बघतो. रस्ता रुंद नको म्हणणारे त्याच रस्त्याने बेळगावला खरेदीला जातात.

जंगल मला पण हवं. पण प्रत्येक वेळी 'नाही' हा शब्द आमच्याच वाट्याला का?

झुआरी_पलीकडे
दादा, हे टोचलं. बेळगावला मीही जातो. घाट सुरक्षित हवा हे मान्य, त्यासाठी चार पदरच लागतात हे मान्य नाही. पण तुमच्या शेवटच्या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

दूधसागर_फॅन
कुळ्याहून जीप कधी सुरू होतात? ऑक्टोबरात मित्र येणार आहेत.

टवाळ_बाब
चुकीच्या धाग्यावर आलात, पण विषय तोच आहे. बसा.

चोडण_फेरी
डोंगरावर बरंच झालं, थोडं खाली उतरा.

मी चोडणचा. आमच्याकडे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य, १९८८ चं, जेमतेम पावणेदोन चौ. किमी. सगळं खारफुटी. पर्यटक रायबंदरहून फेरीने येतात, होडीतून फिरतात, चिखलात उड्या मारणारे मासे बघून जातात. पण तो पक्षी फक्त खारफुटीवर जगत नाही. भरती आली की तो शेजारच्या खाजनात उतरतो. आणि खाजन हे जंगल नव्हे, ती शेती आहे. माणसाने बांध घालून खाडीकडून घेतलेली जमीन. बांधात मानस म्हणजे पाण्याचं दार असतं, ओहोटीला दार आपोआप उघडतं, भरतीला मिटतं. पावसात कोरगुट भात, तो खारेपणा सोसतो. भात निघालं की खारं पाणी आत घ्यायचं, मासे, कोळंबी, आणि त्यांच्यावर बगळे, करकोचे, चिखल्या.

आता होतं काय, मानस लिलावात जाते. घेणाऱ्याला भाताशी देणंघेणं नाही, त्याला कोळंबी हवी. दार भरतीला उघडंच ठेवतो. बांध खचतो, शेत खारट होतं, कूळ शेत सोडतं. पाच-सहा पावसाळ्यांत तिथे खारफुटी उगवते. एकदा खारफुटी आली की तोडता येत नाही, कायदा तसाच आहे आणि तो चांगला आहे. पण शेत कायमचं गेलं. वरून बघणाऱ्याला वाटतं, वा, हिरवळ वाढली! निसर्ग परतला! माझ्या काकांची तीन शेतं अशी 'निसर्गात परतली'. आता काका पर्वरीला वॉचमन आहेत.

म्हणून 'शेतीपासून अभयारण्य वाचवा' हे वाक्य आमच्याकडे उलटं होतं. शेती सुटली की पक्ष्याचं ताट जातं.

रानवाट
चोडण_फेरी, सुरेख प्रतिसाद. एवढंच म्हणतो की डोंगरावरची काजूची बाग आणि खाजन यांची तुलना होत नाही. खाजनात विविधता वाढते, काजूखाली दुसरं काही उगवू देत नाहीत. जुन्या कुमेरीच्या (फिरत्या शेतीच्या) जागा तरी रानाला परत मिळत, बाग परत मिळत नाही. उतारावर काजू वाढत गेला तर व्याघ्र प्रकल्पाची पाटी लावून उपयोग नाही.

काजूबागवाला
हे मान्य. आमच्या बागेच्या वर मामाने दोन वर्षांपूर्वी रान साफ करून नवीन कलमं लावली, तेव्हा मीच भांडलो होतो. त्याचं उत्तर मात्र ऐका: 'कागद कधीच मिळणार नसेल तर जेवढी पकडता येईल तेवढी पकडू दे.' तो चुकीचाच आहे. पण ही बुद्धी त्याला १९९९ आधी नव्हती.

मांडवीकाठी
या मामाच्या वाक्यासाठी धागा वाचनखुणेत ठेवला.

म्हादईचें_उदक
एक गंमत कोणाच्या लक्षात आली का? कर्नाटकाने म्हादईच्या कळसा-भांडुरा या ओहोळांचं पाणी वळवू नये म्हणून आपण काय दाखवतो? अभयारण्य! २०१८ च्या लवादात गोव्याला २४ टीएमसी, कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३. आणि २०२३ च्या सुरुवातीला गोव्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांनी कर्नाटकाला कलम २९ खाली नोटीस काढली, की अभयारण्यातल्या पाण्याचा प्रवाह बदलता येणार नाही. उत्तम. पण त्याच वर्षी व्याघ्र प्रकल्प नको म्हणून सर्वोच्च न्यायालयात कोण गेलं? आपणच. पलीकडे काळी व्याघ्र प्रकल्प, भीमगड अभयारण्य. वाघ तिकडून येतो, इकडे आला की आपण त्याला पाहुणा म्हणतो आणि पाणी अडवायचं असलं की घरमालक.

टवाळ_बाब
वाघाला एक-चौदावर घ्या. तोही वाट बघत बसेल.

सर्व्हे_नंबर
पांढऱ्या गाडीकडे कोणी आलंच नाही, म्हणून लिहितो. नोकरीच्या निमित्ताने हे रोज बघतो.

२०२३ चा कायदा भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकायला आडकाठी करतो. काजूबाग आणि कुळागर त्यात येत नाही. म्हणून दलाल भातशेती सोडून डोंगराकडे वळलेत. आधी बागायत म्हणून घ्यायची, मग रस्ता, मग चार 'शेतघरं', मग झोन बदलायचा अर्ज. त्या क्रमात रस्ता सगळ्यात महत्त्वाचा. रस्ता झाला की बाकीचं फक्त वेळेवर अवलंबून.

दादा, आताच करण्यासारखं: शेजाऱ्याच्या जागेचा सर्व्हे नंबर घ्या. ती खाजगी वन म्हणून नोंद आहे का, संवेदनशील क्षेत्रात येते का ते वनखात्यात आणि नगरनियोजन कार्यालयात लेखी विचारा. माहिती अधिकारात विचारलंत तर उत्तम. पंचायतीत अर्ज आला की हरकत घ्या. आणि उताराचं माप ठेवा, तीव्र उतारावर डोंगरकापणीला परवानगी लागते. माती ढकलायला जेसीबी येतो त्या दिवशी ते माप हाताशी लागतं, नंतर डोंगरच नसतो मापायला.

कुळागरकर
आणि शेजाऱ्याशी भांडू नका. तो का विकतोय ते आधी विचारा. बहुतेक खेतीमुळेच.

पुण्याचा_पाहुणा
(माकडं. लक्षात आहे.)

काजूबागवाला
दहा दिवसांनी लिहितोय, पावसात लाईट नव्हती.

शेजाऱ्याकडे गेलो. कुळागरकर म्हणाले तेच निघालं. दोन वर्षं सुपारी हाती नाही, मुलगा पणजीला हॉटेलात, बाग बेणायला माणूस मिळत नाही. विसार अजून घेतलेला नाही. मी म्हटलं, बाग मला पावण्याने दे, बेणतो मी. 'बघूया' म्हणाला. आमच्याकडे 'बघूया' म्हणजे नाही असतं, पण चहा दोनदा विचारला, म्हणून थोडी आशा.

दाव्याचं: आम्ही जमातीत येत नाही, म्हणजे १९३० गाठायचं आहे. वाड्यावरची आत्येआजी पंच्याऐंशीची, जबाब द्यायला तयार आहे. तिने मला बागेत नेऊन आजोबांच्या बापाने रचलेला गडगा दाखवला. मी इतकी वर्षं त्यावर बसून डबा खाल्लाय, तो पुरावा आहे हे माहीतच नव्हतं. शेवाळ काढून फोटो घेतले. मामाच्या नव्या कलमांचा तुकडा दाव्यात घालायचा नाही असं मी ठरवलंय. मामा बोलत नाही सध्या.

वनहक्क समितीची बैठक पुढच्या शुक्रवारी. नेत्रावळीची_लेक, जबाब कोणी लिहून घ्यायचा, समितीने की आम्हीच लिहून न्यायचा?

नेत्रावळीची_लेक
समितीसमोर, आजीच्या तोंडून, तिच्याच भाषेत. तुम्ही लिहून नेलात तर 'पढवलंय' म्हणतील. अंगठा असेल तर दोन साक्षीदार ठेवा. मला शुक्रवारी सुट्टी आहे, वाळपईला येऊ शकते. साडेनऊला स्टँडवर. आमची बस वेळेवर आली तर.

धनगर_मोळ्यावरचा
मी पण येतो. ऐकून तरी घेतो.

चोडण_फेरी
मी आलो असतो, पण फेरीचा भरवसा नाही. हुर्राक (काजूची पहिल्या धारेची दारू) शिल्लक आहे का?

काजूबागवाला
पावसात कसली हुर्राक, बाब. फेणी आहे. बैठक झाल्यावर.